उत्साह टिकवावा कसा?

(पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीतील अनुभव. मंडळाच्या शिरूर व दौंड शाखांच्या संयुक्त वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा मला मोठा संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली, शिक्षणनिधीसाठी देह झिजविणाऱ्यांचे सत्कार झाले. मी रेल्वेच्या नोकरीत पाळ्या करणारा एक साधा मनुष्य. माझ्या नावावर एकच गोष्ट जमा आहे. १९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर मी स्वतःच्या पायांनी पुरे केले. त्यास मला ५ तास ३१ मिनिटे लागली. पहिला आलेला धावपटू तोपर्यंत स्नान व भोजन उरकून निजलाही असेल! अशा मनुष्याने धावण्यावर भाषण करणे म्हणजे धाडसच होय. परंतु आपले कार्यवाह म्हणाले, “कसे धावलात ते सांगू नका. अठरा आठवडे मन कसे टिकविलेत तेवढे सांगा. आपल्याकडे आरंभ करणारे पुष्कळ आहेत, टिकणारे थोडे.” हे ऐकून मी निरुत्तर झालो, कारण आरंभशूरांच्या त्या यादीत माझे नाव कित्येक वर्षे अग्रभागी होते.

प्रथम या शर्यतीविषयी थोडेसे सांगतो. मॅरेथॉन हे ग्रीस देशातील एका स्थळाचे नाव. इ. स. पूर्व ४९० मध्ये तेथे अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याचा पराभव केला, ती शुभवार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि वार्ता सांगताच गतप्राण झाला, अशी आख्यायिका आहे. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हा या कथेच्या स्मरणार्थ सुमारे ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यात आली व ती स्पिरिडॉन लुईस नावाच्या ग्रीक गृहस्थाने जिंकली. १९०८ साली लंडनमध्ये हे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर भरले आणि १९२१ साली तेच प्रमाण म्हणून मान्य झाले.

हे सारे परदेशचे झाले. परंतु या शर्यतीशी आपल्या मुलखाचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत शेतकरी वर्गातील तरुणांना अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिले. त्यांची गती पाहून ते विस्मित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली हिंदुस्थानचा छोटासा चमू बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस गेला. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षाही अधिक, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. ऑलिंपिकमधील ती सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. आपले चौगुले २ तास ५० मिनिटांत पोचले आणि एकोणिसावे आले. त्याच शर्यतीत आपले सदाशिव दातारही उतरले होते. त्यांस ती पुरी करता आली नाही.

या दोन नावांचा उच्चार मी मुद्दाम एकत्र केला. एकोणिसाव्या क्रमांकाची नोंद इतिहासाने ठेवली. परंतु जो अर्ध्या वाटेवर थांबला, तोही समुद्र ओलांडून त्या आरंभरेषेपर्यंत गेलाच होता. पुढे मी जे सांगणार आहे, त्यात अर्ध्या वाटेवर थांबलेल्या एका तरुणाची गोष्ट आहे. म्हणून दातारांचे स्मरण.

आता माझी हकीकत. माझे वडील छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. सत्तेचाळीसाव्या वर्षी माझे रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितले की, साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे. तिला आत घ्यावयाचे की माघारी धाडावयाचे, हे तुमच्या हाती आहे. प्रथम मी चालू लागलो. पुढे चालता चालता एक खांब धावावे व दोन खांब चालावे असा क्रम ठेविला. वर्षभरात पुण्यास एक अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, रडतखडत पुरी केली. आणि त्या आनंदाच्या भरात मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदविले.

नाव नोंदविल्यानंतरचे पहिले तीन आठवडे मोठ्या मौजेचे असतात. नवे बूट येतात. घरातील मंडळी कौतुकाने पाहतात. कार्यालयात आपण सहज बोलावे तसे तो विषय काढतो. मनुष्यास वाटते, असाच उत्साह राहिला तर मुंबई काय, दिल्लीही गाठू. चौथ्या आठवड्यात कौतुक आटते. पाचव्या आठवड्यात पहाटे गजर होतो आणि मन एखाद्या निष्णात वकिलाप्रमाणे युक्तिवाद सुरू करते: काल रात्रपाळी झाली आहे, घसा किंचित खवखवतो आहे, आणि शर्यतीस अजून तीन महिने आहेत. ‘तीन महिने आहेत’ हे वाक्य फार घातकी. ध्येय दूर असते, तोवर ते आपणांस उठवीत नाही. उलट तेच आपणांस निजावयास सवलत देते.

याचे उत्तर मला पुस्तकांत सापडले नाही. ते आपल्याच तालुक्याच्या रस्त्यावर पूर्वी ऐकले होते. तुकोबांची पालखी देहूहून निघून पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत आपल्या दौंड तालुक्यातून जाते. वरवंडाहून निघालेली दिंडी पाटसवरून रोटीचा घाट चढते आणि पुढे उंडवडी गवळ्याची येथे विसावते. दरवर्षी आम्ही काही मंडळी पाटसला पाणी देण्यासाठी उभी असतो. एका आषाढवारीत डोक्यावर तुळस घेतलेल्या एका वृद्ध माउलीस मी पाणी देता देता विचारले, “माउली, पंढरपूर अजून केवढे लांब आहे?” ती म्हणाली, “ते मला काय ठावं बाबा? आज घाट चढायचा नि उंडवडी गाठायची, एवढं ठावं.”

त्या वेळी मी हसलो. ऐन पाचव्या आठवड्यात तिचे शब्द आठवले. वारकरी पंढरपूरला जातो खरा, परंतु रोज सकाळी तो पुढच्या मुक्कामास निघतो. इतक्या शतकांची ही चाल काही उगाच टिकलेली नाही. उत्साहास लांबचे दिसत नाही; त्यास आजचा मुक्काम दाखवावा लागतो. मी शर्यतीचा कागद भिंतीवरून काढला आणि तेथे आठवड्याचा कागद लाविला. मंगळवारी सहा किलोमीटर, गुरुवारी आठ, शनिवारी पाच, रविवारी लांबचा पल्ला. बाकी दिवस विश्रांती. रविवारचा पल्ला दर आठवड्यास थोडासा वाढवावयाचा आणि दर चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी करावयाचा. ज्या दिवशी सहा किलोमीटर लिहिलेले आहेत, त्या दिवशी बेचाळीसांचा विचारही मनास शिवू द्यावयाचा नाही.

तथापि केवळ कागदाने मनुष्य अंथरुणातून उठत नाही, हेही मी लवकरच शिकलो. त्यास कोणीतरी वाट पाहणारा लागतो. येथे माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. त्याच्या अनुज्ञेनेच सांगत आहे.

माझे ज्येष्ठ बंधू शिरूरला असतात. त्यांचा मुलगा दोन वर्षे पोलीस भरतीसाठी झटत होता. आपल्या दोन्ही तालुक्यांतील रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले-मुली आपण पाहताच. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि राज्य राखीव दलासाठी मुलांना पाच किलोमीटर, अशी ती परीक्षा असते. दौंडला राखीव दलाचे गट असल्यामुळे तर तो गणवेश आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. माझा पुतण्या रोज रामलिंगापर्यंत धावत जाई व परत येई. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मैदानी चाचणी झाली. काही सेकंदांनी त्याचे गुण गेले आणि त्या गुणांनी यादी गेली. घरी येऊन त्याने बूट माळ्यावर टाकले. तो कोणाशी बोलेना. जेवणाचे ताट खोलीत मागवू लागला. वहिनींनी दूरध्वनीवर मला सांगितले, “भाऊजी, तुम्ही तरी त्याला समजवा. आमचं काही ऐकत नाही.”

मी शिरूरला गेलो, परंतु समजाविण्याची माझी छाती झाली नाही. बाविशीतल्या मुलास ‘पुढल्या वर्षी बघू’ म्हणणे सोपे असते. ते वर्ष त्याला काढावयाचे असते. म्हणून मी उपदेश सोडून याचना केली. त्याला म्हटले, “माझे एक काम कर. मी मुंबईला नाव घातले आहे आणि पहाटे माझ्याने उठवत नाही. तू रोज पाच वाजता मला एक मिस्ड कॉल दे. मी उठलो की उलट एक देईन. बोलावयाचे काही नाही, खर्चही नाही.” तो म्हणाला, “काका, गजर लावा की.” मी म्हटले, “गजर मी बंद करतो. तुला बंद करता येणार नाही.” तो नाइलाजाने ‘बरं’ म्हणाला.

सप्टेंबरच्या मध्यापासून हा क्रम सुरू झाला. पहाटे पाचला शिरूरहून घंटा वाजे आणि दौंडहून उत्तर जाई. तिकडे घोडनदीकाठी, इकडे भीमाकाठी, दोन माणसे एका क्षणाला जागी होत. रात्रपाळी असली म्हणजे मी त्याला आदल्या दिवशी वेळ कळवीत असे व तो दुपारीदेखील घंटा देई. मी एकटा असतो तर पंचवीस वेळा बुडविले असते. परंतु दुसऱ्यास जागे करून आपण पुन्हा निजणे, ही गोष्ट मनुष्यास लाज आणते. आणि सत्कार्यात थोडी लाज उपयोगी पडते.

सातव्या आठवड्यात दिवाळी आली. फराळ झाला, पाहुणे आले, जागरणे झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा वाजली. मी उत्तर न देता पांघरूण ओढले. पुन्हा वाजली. तिसऱ्या खेपेस मी रागानेच उचलला. तिकडून धापा टाकण्याचा आवाज. “काका, झोपलात का? मी रामलिंगाहून परत येतोय.” मी उठून बसलो. “तू धावतोस?” क्षणभर तो गप्प राहिला आणि म्हणाला, “एक महिना झाला. तुम्हाला उठवून मग मला झोप येत नव्हती.”

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मी भीमेच्या पुलापर्यंत जाऊन आलो आणि वाटेत डोळे पुसले. मी त्याला सावरावे म्हणून युक्ती केली होती. परंतु त्या पहाटे अंथरुणात कोण होते आणि रस्त्यावर कोण होता, हे आपण पाहिलेत. उत्साह हा एका माणसाच्या ठायी सलग राहत नाही. तो दोघांत वाटून ठेविला म्हणजे एकाचा सरला तरी दुसऱ्याकडे उसना मिळतो.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण पुष्कळांचा उत्साह आळसाने नव्हे, तर या चुकीने मरतो. दिवाळीत माझे चार दिवस बुडाले होते. ते भरून काढावेत म्हणून पुढल्या दोन आठवड्यांत मी दुप्पट धावलो. दहाव्या आठवड्यात डाव्या नडगीस असा ठणका लागला की, जिना उतरता येईना. डॉक्टरांनी दहा दिवस बसविले. बुडालेला दिवस हा बुडालेलाच समजावा. तो व्याजासकट वसूल करू जाऊ नये. आठवड्याचे अंतर सुमारे दशांशाहून अधिक वाढवू नये, हा धावणाऱ्यांचा जुना संकेत आहे. आणि धावण्याची गती अशी असावी की, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. नवशिका मनुष्य रोज स्वतःची परीक्षा घेतो, रोज नापास होतो आणि महिन्याभरात सोडून देतो. रोजचे धावणे हा अभ्यास आहे. परीक्षा एकच दिवस असते.

सक्तीच्या त्या दहा दिवसांत मला दुसरा एक आधार सापडला, तो म्हणजे वही. आरंभापासून मी एका शंभरपानी वहीत रोज एक ओळ लिहीत होतो: तारीख, अंतर, वाटेत काय दिसले. ‘कुरकुंभच्या रस्त्यावर धुके.’ ‘आज पाय जड, तरी सहा झाले.’ ‘मनमाडकडे जाणारी गाडी आणि मी बरोबर फाटकापाशी.’ पाय दुखत असताना मी ती वही मागे चाळली. किती तरी ठिकाणी ‘आज मन नव्हते’ असे लिहिलेले होते आणि त्याच ओळीत किलोमीटरही होते. तेव्हा उमगले की, मन असणे ही धावण्याची पूर्वअट नव्हे. बहुधा मन दुसऱ्या किलोमीटरला मागाहून येऊन मिळते.

वाटेतील अडचणींविषयीही बोलले पाहिजे. गळिताचा हंगाम सुरू झाला की, आपल्या रस्त्यांवर पहाटे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते; कित्येकांस मागे दिवा नसतो. म्हणून नेहमी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे व अंगावर उजळ रंगाचे वस्त्र असावे. शिरूरच्या बागायती पट्ट्यात बिबट्याचे भय आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात निष्पाप माणसे, त्यांत लहान मुले, त्याच्या हल्ल्यांत दगावली. अशा भागात अंधारात एकट्याने उसाच्या कडेने जाणे हे धैर्य नव्हे, अविचार होय. उजाडल्यावर जावे, चारचौघांनी मिळून जावे, अथवा शाळेच्या मैदानावर फेऱ्या घालाव्यात. चाळिशी उलटलेल्यांनी आणि साखर वा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. छातीत दुखले तर तत्क्षणी थांबावे. येथे जिद्दीचा प्रश्नच नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्हां काका-पुतण्यांचा सर्वांत लांबचा पल्ला झाला. मी आदल्या रात्री शिरूरला मुक्कामास गेलो. शिरूरहून रांजणगावच्या गणपतीपर्यंत जाऊन परत यावयाचे, तर अंतर तीस किलोमीटरांच्या पुढे जाते. पहाटे निघालो. अठरा आठवड्यांच्या तयारीत प्रत्यक्ष शेजारी शेजारी धावण्याचा तो पहिलाच योग. देवळाबाहेर बूट काढून आम्ही दर्शन घेतले, मीठ-साखरेचे पाणी व केळी घेतली आणि परत फिरलो. परतीच्या वाटेवर तो आपण होऊन बोलू लागला. त्या चाचणीच्या दिवसाविषयी, शेवटच्या फेरीत पाय कसे भरून आले याविषयी, गावात तोंड दाखविण्याच्या लाजेविषयी. सहा महिने जे कोणास सांगितले नव्हते, ते त्याने रांजणगाव आणि शिरूर यांच्या दरम्यान सांगितले. मी काही उत्तर दिले नाही. शेजारी धावणाऱ्याने उत्तर द्यावयाचे नसते; बरोबर राहावयाचे असते.

त्यानंतरचे तीन आठवडे अंतर कमी करीत जावयाचे असते. त्या काळात मनुष्यास उगाच भीती वाटते की, केलेले सारे विसरेल. ते विसरत नाही. शरीर तेव्हाच दुरुस्ती करून घेते.

शर्यतीचा दिवस मी थोडक्यात सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी अंधारात हजारो माणसे उभी होती. समुद्रावरील पुलावर उजाडले. तिसाव्या किलोमीटरपर्यंत मी आनंदात होतो. शास्त्र असे सांगते की, स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर साधारण तेथपर्यंत पुरते आणि मग शरीर जणू भिंतीवर आदळते. मला ती भिंत बत्तिसाव्या किलोमीटरला भेटली. पस्तीस उलटून गेल्यावर पेडर रोडचा चढ आला. तेथे माझे सारे निश्चय, सारी वचने, वडिलांचे स्मरण, डॉक्टरांचा इशारा, यांपैकी काहीही कामास आले नाही. एवढेच आठवले: ‘आज घाट चढायचा.’ पुढचा दिव्याचा खांब, मग त्यापुढचा. चालत, धावत, पुन्हा चालत मी रोटीचा घाट मुंबईत चढलो. शेवटच्या रेषेपलीकडे पुतण्या उभा होता. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “काका, उद्या पाचला घंटा देऊ का?” मी म्हटले, “परवापासून.”

तो अद्याप शिपाई झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रांजणगावच्या एका कारखान्यात तो काम करतो, उरलेल्या वेळी अभ्यास करतो आणि पुन्हा चाचणीची तयारी करीत आहे. यश येईल की नाही हे मला ठाऊक नाही. परंतु तो आता ताट खोलीत मागवीत नाही.

शेवटी दोन शब्द मंडळासाठी. पहिला आपल्या लेकीसुनांविषयी. ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांना मॅरेथॉन धावू देण्यास १९८४ साल उजाडावे लागले. तोवर त्यांचे शरीर तेवढे सोसणार नाही अशी समजूत होती. पुढे आपल्याच महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्याच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत लागोपाठ तीन वर्षे पहिली आली. आपल्या शेजारच्या बारामतीत लताबाई करे साठी उलटल्यावर, पतीच्या औषधोपचारासाठी बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून, लुगडे नेसून अनवाणी ज्येष्ठांची शर्यत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला व त्यात त्यांनी स्वतःच काम केले. असे असता आपल्या ज्ञातीतील कित्येक घरी आजही मुलीचे लग्न ठरले की तिचे पहाटेचे धावणे बंद होते. ‘सासरचे काय म्हणतील’ एवढेच कारण पुरते. माझ्या शेजारची एक गुणी मुलगी ८०० मीटर सहज मारीत असे. साखरपुड्यानंतर ती रस्त्यावर दिसली नाही. तिचा उत्साह तिने सोडला नाही, तो आपण काढून घेतला. ज्यांचा उत्साह टिकत नाही त्यांस मी हे अनुभव सांगितले. परंतु ज्यांचा आपणच मोडतो, त्यांच्याविषयी आपण सर्वांनी घरी जाऊन विचार करावा, अशी हात जोडून विनंती आहे.

दुसरी सूचना अगदी लहान आहे. आपले मंडळ दरवर्षी ढाली व पेले वाटते, ते वाटावेतच. त्याबरोबर एक यादी करावी. शिरूर शाखेतील एक नाव आणि दौंड शाखेतील एक नाव, अशा जोड्या लावाव्यात. एकाने पहाटे दुसऱ्यास घंटा द्यावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे. त्यानंतर कोणी धावो, कोणी चालो, कोणी अभ्यासास बसो. नापास झालेल्या मुलास उपदेश करण्यापेक्षा ‘मला उठव’ असे म्हणावे. जो दुसऱ्यास जागे करण्याचे काम पत्करतो, त्यास स्वतः निजून राहणे जड जाते, हे मी पाहिले आहे. या योजनेस मंडळाचा पैसाही खर्च होणार नाही, हा कोषाध्यक्षांच्या दृष्टीने तिचा विशेष गुण!